हरणाबाईचा कुंचा

हरणा माझी भावजय. नणंदेनं भावजयीचं कौतुक करायचं नसतं म्हणतात. म्हणू दे! म्या तिच्या खोडी कमी काढल्या न्हायीत. भाकरी जाड करायची, बोलायला फटकळ, आन् एकदा रुसली की आठ-आठ दिस चुलीशी बोलायची, माणसाशी न्हाय. पण त्या दुष्काळात तिनं जे केलं, ते आमच्या गल्लीतल्या एकाबी मिशीवाल्याला जमलं नसतं. हे म्या तिच्या तोंडावर सांगितलंय आन् मागंबी सांगते. माझं नाव शांतम्मा, भावाच्याच घरात राहणारी. मी उगाच कुणाचं गोड बोलत न्हाय.

आमी सनगर. घोंगड्या विणणारे. येरमाळ्याच्या अलीकडं आमची वाडी. लोकांना वाटतं, घोंगडी मागावरनं उतरली की झाली. कशाची होतीय! मागावरची घोंगडी म्हणजे नुसती लोंबती चाळणी. तिला खळ लागती. चिंचोके भिजवायचे, सोलायचे, पाट्यावर वाटायचे आन् शिजवून त्याची चिकट खळ करायची. मग घोंगडी उन्हात मेखांना ताणायची आन् कुंच्यानं, म्हंजे राठ केसांच्या रुंद ब्रशानं, ती खळ लोकरीत भरायची, एका अंगानं, हात न थांबवता. वाळली की घोंगडी अशी कडक होती की भिंतीला उभी करावी. वरनं कितीबी पाऊस येऊ दे, पाणी वरच्या वर घसरून जातं, आन् आतल्या माणसाची वाफ मातर बाहेर निघती. पुढं ढोकीच्या कारखान्यावर आमच्या ओळखीचा एक राखणदार होता, त्यानं हौसेनं रबरी कोट घेतला. बाहेरनं कोरडा ठाक, आतनं पार चिंब. मला म्हणाला, "शांताक्का, ह्याच्यात मी भातावानी शिजतोय." दुसऱ्या पावसाळ्यात गडी परत घोंगडीत.

पण खळ काय जन्माची नसती. दोन-तीन पावसाळे गेले, न्हायतर कुणी शहाण्यानं सोड्यात धुतली, की घोंगडी मऊ पडती आन् पाणी प्यायला लागती. मग ती परत ताणायची, परत खळ द्यायची. नवी लोकर नसली त्या साली आमची चूल ह्याच कामावर पेटायची.

आता रिवाज ऐका. चिंचोके सोलायचे बाईनं. वाटायचे बाईनं. धुरात बसून खळ ढवळायची बाईनं, आन् तापलेलं भगुणं उचलून मेखांपर्यंत न्यायचंबी बाईनंच. पण कुंच्याला हात लावायचा बाप्यानं! का? तर म्हणे बाईच्या हातची घोंगडी पाणी पिती. कुणी बघितलं, कवा बघितलं, कुणालाच मालूम न्हाय. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दुसरा रिवाज पाणी दाखवायचा. खळ वाळली की गिऱ्हाइकासमोर चौघांनी घोंगडीची चार टोकं धरायची आन् मधी पाणी वतायचं. खाली थेंब आला तर कारागिरानं सगळं काम परत करून द्यायचं, तोंड वर करून बोलायचं न्हाय. हा रिवाज मला पटतो. खोट्याला जागाच न्हाय त्याच्यात.

वाडीत आमची लोकर-विणकरांची सहकारी सोसायटी होती. चेअरमन हणमंतप्पा, माझे सख्खे चुलते. सोसायटी लोकर वाटायची ती कुंच्यावर. ज्या घरात कुंचा चालतो, त्या घराला लोकर आन् त्या घराला गिऱ्हाईक. कुंचा बंद पडला की तो सोसायटीच्या ओट्यावर नेऊन ठेवायचा, तिथनं तो जवळच्या भाऊबंदाला जायचा. कुंचा गेला म्हणजे घर कारागिराचं राहत न्हाय, मजुराचं होतं.

बहात्तरला पाऊस गेला तो गेलाच. मेंढरं मेली, उरलेली मातीमोल इकली. सगळी वाडी दुष्काळी कामावर खडी फोडायला. आन् तिथं माझ्या भावाच्या, महालिंगप्पाच्या उजव्या हातावर धोंडा आला. दुष्काळात तेरावा महिना! हात राहिला, पण मूठ वळंना. भाकरीचा तुकडा धरवंना, तर कुंचा कसला धरतोय?

जखम वाळली नव्हती तवर हणमंतप्पा दारात. बरोबर त्यांचा लेक महारुद्र, नवं धोतर नेसून. जसा काय टिळ्यालाच आलाय.

"महालिंगा," चुलते म्हणाले, "कुंचा दे बाबा. महारुद्र चालवील. घरातलाच हाय."

माझा भाऊ खाली मान घालून बसला. तो पहिल्यापास्नं गरीब, आन् हात गेल्यापास्नं तर त्याची जीभबी वळंना झालेली. हरणा दाराआड उभी. हणमंतप्पा तिचे चुलत सासरे, सूनबाईनं त्यांच्याशी समोरासमोर बोलायचं नसतं. डोक्यावर पदर घेऊन ती मला म्हणाली, पण गल्ली ऐकंल अशा आवाजात, "वन्सं, मामंजींना सांगा, कुंचा चालू हाय."

"कोण चालवतंय?" चुलत्यांनी मला इचारलं.

"सांगा, ह्या घरात ज्याचे दोन हात धड हायेत, ते."

महारुद्र फिदीफिदी हसला. त्याचा बाप न्हाय हसला. चुलते उठले आन् जाताना म्हणाले, "आखाडाच्या आत बैठक घेतो. तवा बघू."

दुसऱ्या दिशी हरणानं अंगणात मेखा ठोकल्या. बघायला ही गर्दी! लोकांना काय, कामावरनं आलं की फुकटचा तमाशा. एक जण म्हणाला, "बाई, वर बघ. ढगाचा तुकडा न्हाय आन् तू पावसाची तयारी करतीयास?"

"मग काय तहान लागल्यावर विहीर खणू?" हरणा म्हणाली. "पावसाला न्हाय यायचं तर न येऊ दे. मी त्याच्यावर रुसून बसायला तो काय माझा माहेरचा हाय?"

काम दिलं एकट्या ज्ञानोबा धनगरानं. त्याची घोंगडी दुष्काळी कामावर लेकरांना सावली धरून-धरून झिजली होती, त्याच्या आदी, विहिरीला पाणी होतं तवा, उवा झाल्या म्हणून बायकोनं सोड्यात उकळली होती, पार फडकं झालेलं. गल्लीतल्या बाप्यांनी ती हातात घेऊन परत दिली, ह्यात काय राहिलं न्हाय म्हणून. ज्ञानोबा हरणाला म्हणाला, "पाऊस येईल तवा येईल, वैनी. पण येईल तवा मी उघड्यावर असणार. तुमी लावा खळ, बाई का बाप्या ते पाण्याला कुठं कळतंय?"

घोंगडी आली, पण चिंचोके कुठं होते? चिंचा आल्या होत्या, दुष्काळाला चिंचेचं झाड भीत न्हाय. पण चिंचोके व्यापारी पोत्यानं नेत होता, आन् सांडलेले-उरलेले लोकांनी भाजून खाल्ले. आमीबी खाल्ले, खोटं कशाला सांगू? तवा हरणानं डोकं चालवलं. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची, भाजलेल्या पिठाची, गोडसर. पाण्यात शिजवली की अशी चिकट व्हायची की भगुणं खरवडता खरवडता जीव जायचा. हरणा म्हणाली, "वन्सं, हीच खळ." म्या म्हणलं, व्हय, अगदी तशीच दिसतीय. पोरांच्या तोंडातनं काढून आमी ती घोंगडीला लावली. वाळली. काय कडक झाली म्हणता! आमी दोघी तिच्यावर टिचक्या मारून बघत होतो, वाजत होती.

ज्ञानोबा ती पांघरून माळावर निजला. आन् पहाटेला वाडीत बोंब! ज्ञानोबा उघडाबंब, पळत येतोय, अंगभर लाल मुंग्या, आन् एकेका मुंगीचं नाव घेऊन शिव्या देतोय. सुकडीत गूळ असतो, हे आमी दोघी घरंदाज बाया इसरलो होतो! साऱ्या माळावरच्या मुंग्यांना जेवणाचं आवतण दिल्यावानी झालं.

वाडी आठ दिस हसत होती. दुष्काळात हसायला काय मिळतंय दुसरं? पण हणमंतप्पा ओट्यावर बसून म्हणाले, "बघितलं? बाईचा हात."

हे हरणाच्या कानावर आलं. ती तशीच ओट्यापुढनं गेली, मला धरून, आन् म्हणाली, "वन्सं, मामंजींना सांगा. मुंग्या लागल्या त्या गुळाला, माझ्या हाताला न्हाय. हाताला लागल्या असत्या तर मीबी उघडी पळाले असते." ओट्यावरच्या मंडळींनी पान थुकायला तोंडं फिरवली.

घरी आली आन् मातर रडली. हुंदके देऊन रडली. "वन्सं," म्हणाली, "कुंचा गेला तर ह्यांचं काय होईल? हात गेला तेच कसंबसं सोसतायत. गल्लीतनं चालताना लोक 'कारागीर' म्हणायचं बंद झालं, तर हे जगायचे न्हायीत. मी कुंचा देणार न्हाय. माझा मुडदा पडला तरी देणार न्हाय." मलाबी रडू आलं. आन् रागबी आला, सगळ्यांचाच आला.

आता ती खराब झालेली घोंगडी धुवायची कशानं? प्यायला पाणी न्हाय. हरणानं काय करावं? घोंगडी नेऊन मुंग्यांच्या वारुळाशेजारी पसरली. "बोलावलं होतं ना जेवायला? मग ताट चाटून पुसून जा म्हणावं." दोन-तीन दिसांत मुंग्यांनी गुळाचा कण ठेवला न्हाय. मग काठीनं झोडपून पीठ काढलं. घोंगडी परत फडकं, पण स्वच्छ.

चिंचोक्यांसाठी ती तुळजापूरला गेली. तिथं एका व्यापाऱ्याच्या वखारीत बाया चिंचा फोडत बसलेल्या. हरणा बसली त्यांच्यात. आठवड्याच्या शेवटाला मजुरी घ्यायची वेळ आली तर म्हणाली, "पैसा नको. चिंचोके द्या." व्यापाऱ्याला वाटलं, दुष्काळानं बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. हसत-हसत त्यानं पोतं भरून दिलं. देवीच्या पायऱ्यांना हात लावून, पोतं डोक्यावर घेऊन ती एसटीत चढली. कंडक्टर पोतं वर टाका म्हणाला तर त्याच्याशीबी भांडली.

ह्या वेळेला खळ आमी दोघींनी घोटली. हरणानं घोंगडी मेखांना ताणली आन् कुंचा उचलला. तेवढ्यात माझा भाऊ उंबऱ्यावरनं उठला. इतके दिस भिंतीकडं तोंड करून बसायचा तो. जवळ येऊन म्हणाला, "उलटा चाललाय हात. लोकर निजती त्या अंगानं ने." हरणानं तसं नेलं. "आता दाबून. भिऊ नको, फाटत न्हाय." मग तो खाली उकिडवा बसला आन् डाव्या हातानं दाखवत राहिला, इथं कमी, तिथं जादा, कडेला दोनदा. मधी एकदा त्यानं तिला शिवीबी दिली, कारागीर शिकाऊ पोराला देतो तशी. हरणा इतकी खूश झाली की म्या तोंड फिरवून घेतलं.

आखाड लागायच्या आत बैठक बसली. सोसायटीच्या ओट्यापुढं, लिंबाखाली. सगळी वाडी जमली. ज्ञानोबा घोंगडी खांद्यावर टाकून आलेला. हणमंतप्पांनी शांतपणानं मांडणी केली. माणूस हुशार, त्यात काय वाद न्हाय.

"हे बघा," ते म्हणाले, "टँकरच्या पाण्यावर जगतोय आपण. म्हणून यंदा पाणी दाखवायचं सगळ्यांनाच माफ केलंय. बाप्यांच्या कामाची शंका न्हाय, बापजाद्यांपास्नं करतायत. पण सूनबाईचं काम खरं का खोटं, हे कळायला मार्ग न्हाय. एकदा मुंग्या झाल्यात. सोसायटीची इज्जत हाय. तवा कुंचा आणून ओट्यावर ठेवा. राग-लोभ नको."

हरणा उठली आन् घराकडं गेली. लोकांना वाटलं, कुंचा आणायला गेली. महारुद्रनं तर धोतराचा सोगा आवरून हात मोकळे केले.

आली ती डोक्यावर घागर घेऊन. भरलेली, काठोकाठ.

मी उठूनच उभी राहिले. ती आमच्या घरची पिण्याची घागर. टँकर कालच येऊन गेलेला, परत कवा येईल ते त्यालाच ठावं. घरात लेकरं. म्या म्हणलं, "हरणे, अगं काय करतीयास?"

"वन्सं, सांगा. टोकं धरायला चौघं पायजेत. पहिले मामंजी."

रिवाजच होता. कुणी पाणी दाखवतो म्हणालं तर न्हाय म्हणता येत न्हाय, चेअरमनला तर मुळीच न्हाय. हणमंतप्पा उठले. महारुद्र उठला. सोसायटीचे दोन पंच उठले. चौघांनी ज्ञानोबाची घोंगडी धरली. आन् ज्ञानोबानं काय करावं? सरळ घोंगडीच्या खाली उताणा निजला, तोंड उघडं टाकून! म्हणाला, "थेंब पडला तर वाया जायला नको."

हरणानं घागर वतली. सगळी. घोंगडी मधी खोल गेली, चौघांचे हात खाली ओढले गेले. माणसं वाकून-वाकून खाली बघायला लागली. माझे तर हात जोडलेले. किती येळ गेला, देव जाणं. ज्ञानोबाच्या तोंडाला कोरड पडली, पण थेंब काय आला न्हाय.

"बरं," हणमंतप्पा म्हणाले, "बघितलं. घ्या पाणी काढून."

हरणानं घागर उपडी केली आन् तिच्यावर बसली! डोक्यावरचा पदर नीट केला, चुलत्यांकडं अर्धी पाठ केली. "वन्सं, सांगा. बैठक चालू हाय. चालू द्या."

आता बघा गंमत. घागरभर पाणी चौघांच्या हातात. सोडावं तर भर दुष्काळात पिण्याचं पाणी मातीत जातं, आन् सगळी वाडी बघतीय. पुढं बसलेली मथुराबाई, वाडीतली सगळ्यात म्हातारी, काठी आपटून म्हणाली, "हणमंता, थेंब जरी सांडला ना, तर तुझ्या दारचं पाणी पिणार न्हाय मी!"

"सूनबाई, हात भरून आले," हणमंतप्पा म्हणाले.

"वन्सं, इचारा. कुंचा कुणाच्या घरचा?"

म्या इचारलं. मला काय, मी त्या दिशी तिचा भोंगा होते, आन् खुशीनं होते.

"महालिंगाच्या घरचा," चुलते म्हणाले.

"त्यांचा हात चालत न्हाय. मग चालवतंय कोण?"

"सूनबाई चालवती."

"तिला नाव हाय."

चुलते इकडं-तिकडं बघायला लागले. सासऱ्यानं सुनेचं नाव चारचौघांत कसं घ्यायचं? पण घामाच्या धारा लागलेल्या, मनगटं थरथरायला लागलेली, आन् घोंगडीतलं पाणी डुचमळायला लागलेलं. महारुद्र रडकुंडीला आला. "अप्पा, घ्या की नाव! माझे खांदे निखळले!"

"हरणाबाई," हणमंतप्पा म्हणाले.

"वन्सं, मागच्यांना ऐकू न्हाय आलं."

"हरणाबाई!" ते ओरडले. "कुंचा हरणाबाईचा! लोकर हरणाबाईच्या नावानं! कबूल! आता तरी ऊठ, माझे आई!"

तवा ती उठली. घागर सरळ धरली, चौघांनी एक टोक खाली करून पाणी परत वतलं. काठाला बोटभर कमी भरलं, तेवढं लोकरीनं वरच्या वर ओलं करून घेतलं असंल. माझा भाऊ लिंबाच्या बुडाशी उभा होता. त्याच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी, आन् पुसायला डावा हातच येत होता, तोबी त्यानं वर नेला न्हाय.

मला वाटलं, झालं, चला घरी. बायाबी उठायला लागल्या. पण हरणा घागर घेऊन खाली बसली. पदर सारखा केला आन् म्हणाली, "वन्सं, सगळ्यांना सांगा. पाणी हायच इथं. बाप्यांनी यंदा ज्या-ज्या घोंगड्यांना खळ लावली, त्या आणा म्हणावं. पहिली महारुद्र भावजींची."

कुणी हललं न्हाय. मग एकाला बैल सोडायचा आठवला, दुसऱ्याची कंबर धरली, महारुद्र तर बापाच्या आधी दिसेनासा झाला. बघता-बघता लिंबाखाली बाप्या राहिला न्हाय, ज्ञानोबा आन् माझा भाऊ सोडून.

हरणा मातर बसून राहिली. म्या म्हणलं, "चल गं, कुणी येत न्हाय आता."

"बसते की," ती म्हणाली. "त्यांनी आणेपर्यंत बसते."